सगळे मेटल अल्बम सारखेच वाटतात, मग आवडता कसा ठरवायचा? २०२४ च्या निमित्ताने

देवगडच्या एका मुलाने विचारलंय, थोडक्यात असं: "काका, जुलैमध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात गोजिरा हा फ्रेंच बँड बघितला आणि हेवी मेटलचं, म्हणजे जड गिटारीच्या रॉकचं, वेड लागलं. वर्षअखेरीला लोकांनी काढलेल्या याद्या शोधल्या. एकेका यादीत पन्नास अल्बम. दोन आठवड्यांत त्यातले चाळीस मोबाइलवर ऐकले. खरं सांगू का, सगळे सारखेच वाटले. घरात आई विचारते, हा कोण ओरडतोय. माझा कानच कच्चा आहे का? तुमचे २०२४ चे आवडते कोणते, आणि ते तुम्ही ठरवता कसे?"

वय वीस लिहिलंयस आणि काका म्हणालायस, म्हणून मीही अरे-तुरेच करतो.

आधी मी कोण ते सांगतो, कारण माझी आवड माझ्या धंद्यातून आली आहे. कुडाळला माझा साउंडचा धंदा आहे. दशावतार, डबलबारी भजनं, गणपती, लग्नं, शाळांची संमेलनं असं सगळं करतो. त्याआधी काही वर्षं मुंबईत मामाकडे होतो. तिथे कॅसेटवर मेटल ऐकायला लागलो आणि धोबीतलावच्या रंगभवनात ते समोर वाजताना पाहिलं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्या वर्षी, १९९८ ला गावी परतलो. तेव्हापासून दर डिसेंबरात एका वहीत त्या वर्षीचे आवडते अल्बम लिहितो. कधी बारा असतात, कधी तीनच. ज्या वर्षी तीन निघाले त्या वर्षी तीनच लिहिले.

तुझा कान कच्चा नाही. हिशोब कर. अल्बम साधारण पाऊण तासाचा धरला तर चाळीस अल्बमचे तीस तास झाले. दोन आठवड्यांत, रोज दोन तासांहून जास्त, प्रत्येक अल्बम एकदाच आणि पुन्हा कुठलाच नाही. चाळीस गावांतले चाळीस दशावतार असे बघितलेस तर कुठल्या नाटकात कोणता राजा होता तेही आठवायचं नाही, आणि दशावतार तर तू लहानपणापासून बघतोयस. तेव्हा मला तुझा प्रश्न असा दिसतो: ज्या संगीतात पहिल्यांदा ऐकताना नुसता एक लोंढा अंगावर येतो, त्यातून एक अल्बम दुसऱ्यापासून वेगळा कसा काढायचा? ते जमलं की आवडता कोणता हे विचारावं लागत नाही.

बऱ्याच गोष्टी माणसागणिक बदलतात, हे मात्र आधीच सांगतो. भजनाच्या घरात वाढलेला मुलगा ताल लवकर पकडतो. हिंदी गाण्यांवर वाढलेला आधी शब्द शोधतो, आणि ते सापडले नाहीत की वैतागतो. माझा कान ढोलाकडे आणि खर्जाकडे जातो, कारण रात्रीच्या रात्री मिक्सरमागे तेच सांभाळत बसतो. तुझी यादी माझ्यासारखी निघाली पाहिजे असं काही नाही.

आता मोबाइलचं. निम्मा घोळ तिथेच आहे. गिटारची सगळ्यात जाड तार नेहमीसारखी सुरात लावली तर ८२ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८२ कंपनांच्या, आसपास वाजते. मेटलवाले ती आणखी सैल करतात, काही जण ५५ पर्यंत उतरतात. बेस गिटारची जाड तार ४१ वर. मोबाइलच्या पोटातला स्पीकर २०० च्या खाली जवळपास मुका असतो. मेंदू थोडंफार भरून काढतो, पण कानावर पडतो तो तारेचा वरचा खरखराट, झांजांची सळसळ आणि गाणाऱ्याचा घसा. दशावतारातून पखवाज काढला, पायपेटीचा खर्ज काढला आणि नुसती झांज नि राक्षसाची आरोळी ठेवली, तर सगळी नाटकं सारखीच वाटणार ना? तू तसंच ऐकलंयस. आईनेही तेवढंच ऐकलंय.

त्यामुळे पहिलं काम, वायरचे, कानात नीट बसणारे साधे इअरफोन घे. महागातले नकोत. कानात घट्ट बसले पाहिजेत, कारण फट राहिली की खर्ज त्यातून निघून जातो. आणि आवाज निम्म्याच्या वर नेऊ नकोस. हे कळकळीने सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विसर्जन मिरवणुकीत मी रात्रभर बेसच्या खोक्यांसमोर उभा होतो. सकाळी डाव्या कानात कुईं असा बारीक आवाज सुरू झाला तो आजपर्यंत थांबलेला नाही. रात्री गाव निजलं की तो मोठा होतो. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा हिशोब असतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. मेटल हळू ऐकलं तरी मेटलच राहतं.

दुसरा घोळ अल्बम बनवणाऱ्यांचा आहे. ध्वनिमुद्रण झालं की शेवटी आवाजाची पातळी बसवतात. तेव्हा हळू जागा वर उचलून नि मोठ्या जागा दाबून सगळं एका उंचीवर आणण्याची सवय या क्षेत्राला लागली. माझ्या भाषेत, सगळे फेडर, म्हणजे मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या दांड्या, वर. मेटॅलिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा यावरून मोठा गदारोळ झाला होता. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी वाजतात हे चाहत्यांच्या लक्षात आलं. सतत एका उंचीवर राहिलेला आवाज पंधरा मिनिटांत कान थकवतो, आणि थकलेल्या कानाला पुढचं सगळं सारखं लागतं. म्हणून मी एका दिवसात एकच अल्बम ऐकतो. सीझन चालू असेल तर आठवड्यात एक.

माझी पद्धत विचारलीस. पहिल्यांदा ऐकताना मी काही शोधत नाही. गोडाऊनमध्ये वायरी गुंडाळत असतो, बाजूला अल्बम चालू असतो. कुठे हात थांबला का, एवढंच बघायचं. दुसऱ्यांदा फक्त ढोल ऐकतो, गिटार आणि आवाज यांच्याकडे मुद्दाम लक्ष देत नाही. हे सुरुवातीला जड जातं, पण डबलबारीत बुवा गात असताना तू पखवाजवाल्याच्या बोटांकडे बघत राहतोस ना, तसंच. तिसऱ्यांदा शब्द समोर ठेवून, हातातलं काम बाजूला ठेवून. मग आठ दिवस तो अल्बम बंद. त्या आठ दिवसांत त्यातला एखादा तुकडा आपोआप डोक्यात वाजला, टेम्पोत, आंघोळीला, कुठेही, तर वहीत नाव जातं. नाही वाजला तर नाही. गाजलेले, सगळ्यांनी डोक्यावर घेतलेले अल्बम असे गळून पडले आहेत, आणि मला त्यांचं वाईट वाटत नाही.

ओरडण्याबद्दल आईला काय सांगायचं तेही लिहितो. ती जी खोल गुरगुर असते तिला ग्राउल म्हणतात. स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्या थरथरवून हा आवाज काढतात, आणि त्याला खालून पोटातला दम लागतो. नुसता घसा खरवडून ओरडणाऱ्याचा आवाज दोन दिवसांत बसतो. आपल्याकडे राक्षसाची कामं करणारे जुने नट आणि नवखी पोरं यांत हाच फरक दिसतो: नवख्याचा आवाज तिसऱ्या रात्री फाटतो, जुना माणूस वैशाखापर्यंत तसाच गर्जतो. मेटलमध्ये हा आवाज वाद्यासारखा वापरतात. तो कधी येतो आणि कधी थांबतो इकडे लक्ष दे.

आता अल्बम. गोजिरा माझ्या यादीत नाही, कारण त्यांचा २०२४ मध्ये अल्बमच आला नाही. त्याआधीचा 'फॉर्टिट्यूड', २०२१ चा. २६ जुलैला पॅरिसमधल्या कॉन्सिएर्जरी या जुन्या राजवाड्याच्या भिंतीवर ते जे वाजले ते एकच गाणं होतं, फ्रेंच क्रांतीतल्या जुन्या गाण्यावर बेतलेलं, ऑपेराची गायिका सोबत घेऊन. मला ते फार आवडलं. जगभरच्या घराघरांत त्या रात्री पहिल्यांदा हे संगीत शिरलं असेल.

माझ्या वहीत पहिलं नाव हाम्फेर. फेरो बेटांवरचा बँड. ही बेटं उत्तर अटलांटिकात, आइसलँड आणि नॉर्वेच्या मधे आहेत. लोकवस्ती ५४ हजारांच्या आसपास, म्हणजे तुझ्या देवगड तालुक्याहून कमी. हाम्फेर हा त्यांच्या लोककथांमधला शब्द आहे. समुद्रात हरवलेल्या माणसाचं रूप घरच्यांना दिसतं, त्याला ते हाम्फेर म्हणतात. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आपल्या किनाऱ्यावर अशा गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं प्रत्येक वाडीत होती. संध्याकाळी ओल्या कपड्यांनी दारात उभा राहिलेला माणूस मी माझ्या आजीच्या तोंडून ऐकलाय.

मार्चमध्ये त्यांचा तिसरा मोठा अल्बम आला. सगळा त्यांच्याच फेरोई भाषेत. नावाचा अर्थ 'पण देवाचा हात बळकट आहे'. विषय १९१५ ची खरी घटना: सांडविक नावाच्या गावातले व्हेलच्या शिकारीला गेलेले लोक बुडाले, त्यात चौदा जण गेले. ही मंडळी कार्यक्रमात अंगात काळे सूट घालून उभी राहतात, अंत्ययात्रेला आल्यासारखी. संगीत डूम प्रकारातलं, म्हणजे संथ. एक ठोका पडतो आणि दुसरा येईपर्यंत तू वाट बघतोस. गायक योन अल्दारा. त्याचा साफ आवाज देवळातल्या गाण्यासारखा उंच जातो आणि तोच माणूस पुढच्या ओळीला खाली, पाण्याच्या तळाशी उतरतो.

मी हा अल्बम मार्चमध्ये एकदा ऐकला होता आणि हात थांबला होता, पण तेव्हा सीझन चालू होता. तो खरा लागला पावसात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, आणि माझाही धंदा बंद असतो. मालवणला एका ओळखीच्यांकडे मिक्सर दुरुस्तीला गेलो होतो. काम झाल्यावर तपासायला म्हणून हाच अल्बम लावला, वरच्या आवाजाचे दोन स्पीकर आणि एक बेसचं खोकं जोडून. समोर दार उघडं, समुद्र खवळलेला. माझ्यासोबत कामाला येणारा मुलगा मच्छीमाराच्या घरातला. त्याला मेटलचं काही नाही, तो नाचाची गाणी ऐकतो. दोन गाणी होईपर्यंत गप्प बसला आणि मग म्हणाला, "काका, हेंचो कोण गेलो?"

भाषा त्याला कळण्याचा प्रश्नच नव्हता. मी त्याला सांडविकची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, पुन्हा सुरुवातीपासून लावा. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा तो लहान होता. त्यांच्या वाडीतली होडी दोन दिवस उशिराने आली, पण आली. काही गावांतल्या आल्या नाहीत. ते दोन दिवस घरात कोणी जेवलं नव्हतं, एवढं त्याने सांगितलं आणि मग अल्बम संपेपर्यंत आम्ही कोणी बोललो नाही.

हा अल्बम मला इतका मोठा का वाटतो तेही सांगतो, नाहीतर तू म्हणशील की काकांना समुद्र दिसला की झालं. समुद्रावर मेटलमध्ये खूप बनलंय. जर्मनीच्या अहाबचा २००६ चा पहिला अल्बम आहे, अमेरिकेच्या मॅस्टोडॉनचा २००४ चा 'लेव्हायथन' आहे, दोन्ही माझ्या वहीत आहेत, आणि दोन्ही एका कादंबरीतल्या व्हेलवर आहेत. हाम्फेरचा अल्बम स्वतःच्या बेटांवर, स्वतःच्या लोकांवर आहे आणि तो घाई करत नाही. सगळ्यात जड जागा शांत जागेच्या बाजूला ठेवली आहे, म्हणून ती जड लागते. वर फेडरबद्दल जे लिहिलं ते इथे उलट्या बाजूने ऐकायला मिळेल. पहिल्या गाण्यात आवाज हळू होतो तिथे हात आपोआप आवाज वाढवायला जाईल. वाढवू नकोस.

अल्दाराचा आवाज आवडला तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचा दुसरा बँड, डेन्मार्कचा योतुन, याचा 'किनशिप' आला. तो वेगवान आणि उजळ आहे. एकच गायक दोन ठिकाणी कसा वेगळा उभा राहतो, ते कळेल.

दुसरं नाव ओपेथ, 'द लास्ट विल अँड टेस्टमेंट', २२ नोव्हेंबरला आलेला. स्वीडनचा बँड. गायक मिकाएल ओकरफेल्ट २००८ च्या 'वॉटरशेड'नंतर अल्बमवर ग्राउल करायचा थांबला होता. सोळा वर्षांनी तो आवाज परत आला आणि जुने चाहते रडायचे बाकी राहिले. मीही त्यातलाच. पण तुला हा अल्बम देतोय तो गोष्टीसाठी. एका श्रीमंत घराचा कर्ता वारला आहे, मुलं जमली आहेत आणि मृत्युपत्र वाचलं जातंय. एक सोडून सगळ्या गाण्यांना नावंच नाहीत, कायद्याच्या कलमांसारखे आकडे आहेत. एकेका कलमाला घरातलं एकेक गुपित बाहेर येतं. शेवटच्या गाण्याला मात्र नाव आहे, आणि तिथे जे कळतं ते मी सांगत नाही.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्याच्या सातबाऱ्यावर तीस नावं आहेत आणि ज्याच्या घरचे दोन काका एका कलमाच्या बागेवरून वीस वर्षं बोलत नाहीत, त्याला त्या दिवाणखान्यातली शांतता बरोबर ओळखता येते. मेलेला माणूस कागदातून बोलतो तेव्हा आवाज गुरगुरतो, जिवंत माणसांच्या मनातलं येतं तेव्हा तोच आवाज साफ होतो, असं मला बऱ्याच ठिकाणी वाटलं. मधे जेथ्रो टल या जुन्या ब्रिटिश रॉक बँडचे इयान अँडरसन येतात, बोलतात, बासरी वाजवतात. हा अल्बम पहिल्या दोन ऐकण्यांत तुकड्या-तुकड्यांचा वाटेल. शब्द समोर ठेवल्याशिवाय त्याचा निकाल लावू नकोस.

तिसरा ब्लड इन्कँटेशनचा 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर', ऑक्टोबरमधला. अमेरिकेत डेन्व्हरचे चौघे. तू बघितलेल्या याद्यांत बहुतेक हा वरच असेल, आणि इथे मी लोकांशी सहमत आहे. दोनच रचना, प्रत्येक वीसेक मिनिटांची किंवा थोडी जास्तच, आणि प्रत्येकीचे तीन भाग. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत मुद्रण केलं, जिथे १९७७ मध्ये डेव्हिड बोवीचा 'हीरोज' झाला होता. डेथ मेटल, म्हणजे ग्राउल आणि जड गिटारींचा मेटलचा प्रकार, चालू असतं आणि मधेच सगळं विरघळून सिंथेसायझरचा लांब पट्टा सुरू होतो. जर्मनीच्या टँजरिन ड्रीम या सिंथेसायझरवाल्या बँडचा एक वादक तिथे आला आहे.

हा मी प्रवासात ऐकला. मुंबईला जाताना रत्नागिरी सोडल्यावर करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. डब्यातला उजेड पिवळा होतो, खिडकीत आपलंच तोंड दिसतं आणि बाहेरचा आवाज डब्यात घुसतो. पहिल्या रचनेचा मधला, सिंथेसायझरचा भाग नेमका बोगद्यात आला. बोगद्याच्या घरघरीमुळे आवाज वाढवावासा वाटत होता, पण कान झाकून तसाच ऐकला. बाहेर पडलो, हिरवं दिसलं, आणि ढोल परत आले. असा योग जमवून आणता येत नाही. पण घरच्या चार भिंतींपेक्षा एसटीत, रेल्वेत, होडीवर अल्बम जास्त चांगला लक्षात राहतो, हे माझ्या वहीवरून दिसतं. नावापुढे मी ठिकाण लिहितो, आणि निम्मी ठिकाणं प्रवासातली आहेत.

वीस मिनिटांच्या गाण्याची भीती वाटत असेल तर आपलं भजन आठव. गजर सुरू होतो तेव्हा किती संथ असतो, आणि पंधरा मिनिटांनी बुवा, पखवाज, टाळ कुठे पोचलेले असतात. लांब रचना ऐकायची सवय आपल्याला आहेच.

अल्सरेटचा 'कटिंग द थ्रोट ऑफ गॉड' १४ जूनला आला. न्यूझीलंडचे तिघे. यांचा ढोलवादक जेमी सेंट मेरा मुद्रण आणि मिक्सही स्वतःच करतो, आणि माझ्या धंद्यातल्या माणसाला हे ऐकताना त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. आजच्या बऱ्याच डेथ मेटलमध्ये पायाच्या ढोलाचा खरा आवाज काढून तिथे संगणकातला ठरावीक ठोका बसवतात, मग तो टाइपरायटरसारखा टकटकतो. तुला सगळे सारखे वाटले त्याचं हेही एक कारण असेल. इथे ढोल ढोलासारखा लागतो, कातड्याचा नि खोलीचा आवाज येतो. पण हा तुझ्यासाठी आत्ता नाही. सहा महिन्यांनी ऐक. मला स्वतःला पाच वेळा ऐकून दोन गाणी सुटी दिसायला लागली.

आणि आत्ता, या आठवड्यात, कुठला? जुडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड', ८ मार्चचा. बर्मिंगहॅमचा बँड, १९६९ पासूनचा. रॉब हॅलफर्ड अल्बम आला तेव्हा बहात्तर वर्षांचे होते आणि तरी वरच्या पट्टीत असे जातात की मी मिक्सरवर असतो तर फेडर खाली घ्यायला धावलो असतो. गिटारवादक ग्लेन टिप्टन यांना पार्किन्सन्स असल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं, तरी नाव अजून अल्बमवर आहे. इथे सूर साफ आहे, शब्द कळतात, दोन गिटारी एकमेकींशी बोलतात ते सरळ ऐकू येतं. आईलाही हाच ऐकव, आणि मोठ्या स्पीकरवर ऐकव. सगळं मेटल म्हणजे नुसती आरोळी, हा समज पहिल्या गाण्यातच जाईल.

बाकीचे पटकन सांगतो. बंगळुरूच्या क्रिप्टोसचा 'डेसिमेटर' जुलैत आला. जुन्या धाटणीचं, स्वच्छ गिटारीचं काम. आपल्या देशात पंचवीस वर्षांहून जास्त काळ हे लोक टिकून आहेत, म्हणून माझा त्यांच्यावर विशेष जीव. हाय ऑन फायरचा 'कमेथ द स्टॉर्म' एप्रिलचा. त्यांचा बेसवाला बाग्लामा हे तुर्कस्तानचं तंतुवाद्य शिकला आहे आणि एका रचनेत ते स्पष्ट कळतं. नॉक्ड लूजचा मे महिन्यातला अल्बम अर्ध्या तासाच्याही आत संपतो. मला तो वर्षातला सगळ्यात रागावलेला अल्बम वाटला, तुझ्या वयाच्या मुलांना तो माझ्यापेक्षा जास्त लागू पडेल. स्लेयर बँडचा गिटारवादक केरी किंग याचा 'फ्रॉम हेल आय राइज' दोनदा ऐकला. स्लेयरवर माझं प्रेम आहे, पण आठ दिवसांत डोक्यात काही वाजलं नाही, म्हणून वहीत नाही. आयर्न मेडन बँडचे गायक ब्रूस डिकिन्सन यांनी एकोणीस वर्षांनी एकट्याचा अल्बम काढला, 'द मँड्रेक प्रोजेक्ट'. १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात मी आयर्न मेडन बघितला आहे, त्यामुळे तो आवाज ऐकला की मी तटस्थ राहत नाही. वहीत नाव आहे, पण तू ते माझ्या आठवणीच्या खात्यावर धर.

थोडक्यात तुला काय करायचंय ते परत सांगतो. चाळीस अल्बमची यादी बाजूला ठेव. वायरचे इअरफोन, निम्मा आवाज, आठवड्याला एक अल्बम, तीन वेळा. पहिला आठवडा जुडास प्रीस्ट, दुसरा हाम्फेर, तिसरा ओपेथ, चौथा ब्लड इन्कँटेशन. मधला कुठलाच आवडला नाही तरी तीन वेळा पूर्ण कर. मग तो सोडायचा असेल तर खुशाल सोड, कारण तेव्हा तुला का सोडलास ते सांगता येईल. हाम्फेर मात्र खोलीत ऐकू नकोस. देवगडच्या किल्ल्यावर दीपगृहाच्या बाजूला संध्याकाळी जाऊन बस.

आंगणेवाडीची जत्रा होईपर्यंत माझी रोज धावपळ आहे, उत्तर द्यायला उशीर होईल. तरी तिसऱ्या आठवड्यानंतर नक्की लिही. आवडला की नाही ते नंतर. आधी एवढंच कळव की ओपेथच्या पहिल्या गाण्यात ग्राउल पहिल्यांदा कितव्या मिनिटाला येतो, आणि त्याच्या आधीच्या ओळीला ढोलवाला काय करतो.